वाघोबाला घातलेलं उलटं गाऱ्हाणं

मुरबाडच्या माणसाला बिबट्याचं कौतुक नसतं, हे माझ्या धंद्यातलं पहिलं संकट. मुंबईच्या पाहुण्याला जंगलात बिबट्याचं नुसतं शेपूट दिसलं तरी तो जिप्सीतून उडी मारायच्या बेतात येतो. आमच्याकडचा माणूस तोंड वाकडं करतो. एकदा ताडोबात ऐन सकाळी एक देखणा बिबट्या फांदीवर पाय सोडून बसलेला दाखवला, तर मागच्या सीटवरचे मुरबाडचे किराणा दुकानदार म्हणाले, "ताई, हा तर आमच्या गोठ्यामागं रोज येतो. कोंबड्या नेतो. याला बघायला एवढं लांब आणलंत?" परतीच्या प्रवासात कल्याण येईपर्यंत ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

वीस-पंचवीस वर्षं मी मुरबाडला एस.टी. स्टँडसमोर, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत बसून वाघ दाखवायच्या सहली काढल्या. खोलीत पीठ इतकं उडून यायचं, की भिंतीवरचे माझे सगळे वाघ पांढरे वाघ वाटायचे. शहापूर, आसनगाव, तानसा, मुरबाड इकडचीच माणसं माझी गिऱ्हाइकं. आता गुडघे जिप्सीत चढायला साफ नकार देतात, म्हणून कारभार भाचीकडे दिलाय आणि मी घरी बसून तिच्या चुका काढते.

लोकांना वाटतं, वाघ दाखवणं म्हणजे प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढणं. "ताई, वाघ किती वाजता सोडतात?" असं एका गृहस्थांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं. त्यांना मी म्हटलं, "तो सुटलेलाच आहे. आपल्याला सोडतात." खरी गोष्ट अशी, की जंगलाला पुष्कळ गेटं असतात. मधला गाभा म्हणजे कोअर, आणि गावं-शेतं लागून असलेली कड म्हणजे बफर. ज्या गेटचा परवाना, त्याच गेटनं आत शिरायचं आणि त्याच भागात हिंडायचं. वाघ पलीकडच्या भागात आंघोळ करत बसला असला तरी तुम्ही आपले इकडे हरणं मोजायची. म्हणून गेट निवडणं हेच सगळं कसब, आणि ते मला येतं, हे सांगताना मी लाजत नाही.

उन्हाळ्यात पाणी कुठे टिकलंय ते आधी बघायचं, कारण वाघासारखा पाण्यात डुंबणारा आळशी प्राणी दुसरा नाही. पिल्लांवाली वाघीण कुठे आहे ते विचारायचं. ती फार लांब जात नाही, घरात लहान मूल असलेल्या बाईसारखी. रस्ते कुठे जास्त आहेत ते बघायचं, वाघाला मऊ धुळीच्या वाटेनं चालायला आवडतं. नाव मोठं म्हणून कोअरच हवा, असा हट्ट धरायचा नाही, कारण ही कोअरची रेघ वाघाला कोणी दाखवलेली नाही. आणि काल जिथे दिसला म्हणून आज सगळे धावतात, तिथे मी कधीच जात नाही. वाघ कालचं वर्तमानपत्र वाचत नाही.

एवढं करूनही माझी फजिती व्हायचीच. शहापूरच्या एका बचत गटातल्या बायकांनी जिप्सीत सुकटाची चटणी आणि भाकरी सोडली. मी ओरडले, गाइड ओरडला, त्या आमच्या दोघांच्या हातावर एकेक घास ठेवून मोकळ्या झाल्या. पुढे वळणावर वाघ बसलेला. तो नाक वर करून आमच्याकडे असा बघत राहिला, की मला वाटलं आता हा भाकरीच मागणार. त्या बायकांना अजून वाटतं, की वाघ त्यांच्या सुकटामुळे आला. मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

पण माझ्या गेट निवडण्याच्या सगळ्या अभिमानाची कसोटी लागली ती दामूबाबांच्या सहलीत.

दामूबाबा मुरबाडच्या वरच्या अंगाला, माळशेजच्या डोंगराखालच्या एका वाडीतले. भात आणि नाचणी करणारं घर. गावच्या शिवेवर वाघदेवाचा दगड आहे, त्यावर वाघ कोरलेला, एका बाजूला चंद्र, दुसऱ्या बाजूला सूर्य, आणि सगळ्यावर पिढ्यान् पिढ्यांचा शेंदूर. त्याची पूजा दामूबाबांच्या घराकडे. दिवाळीच्या तोंडाशी वाघबारस येते तेव्हा अख्खी वाडी तिथे जमते, खीर शिजते, एक पोरगा वाघ होतो आणि बाकीचे त्याला हुसकावत रानापर्यंत नेतात. दामूबाबा नारळ फोडतात आणि गावच्या वतीनं गाऱ्हाणं घालतात, म्हणजे देवाकडे मागणं मागतात.

आता गंमत अशी, की आयुष्यभर वाघाची पूजा करणाऱ्या दामूबाबांनी वाघ कधी पाहिलेला नव्हता. आणि त्यांच्या बायकोनं, ठकूआजींनी, पाहिला होता. लग्नाआधी, माहेरच्या रानात, लाकडं आणायला गेल्या असताना. वाघ ओढ्याच्या पलीकडे उभा होता आणि दोघांनी एकमेकांना नीट बघून घेतलं, असं त्या सांगत.

एवढ्या एका दर्शनावर आजींनी सगळा संसार जिंकला होता. बैल कोणता घ्यायचा, लेकीला कुठे द्यायची, आमटीत मीठ कमी आहे की बरोबर, कशावरूनही वाद झाला की आजी शेवटी म्हणायच्या, "तुमी पुजारी खरं, पन दर्शन कुनाला झाला?" की बाबा गप्प. वाडीतली पोरंसोरंसुद्धा बाबांना विचारायची, "बाबा, आजीचा वाघ कसा होता?" आजीचा वाघ! पुजारी हे आणि वाघ तिचा. शहापूरला नोकरी करणारी त्यांची लेक माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, बाबांना एकदा दाखवा. म्हातारपणी एवढी एकच हौस हाय त्यांची. पन आईपन येनार, ती काय एकटं सोडनार नाय त्यांना."

मे महिन्याचे दिवस होते, चंद्रपूरच्या उन्हाला भिऊन गिऱ्हाइकं कमी होती. आम्ही ताडोबाला एकच जिप्सी घेतली. बाबा, आजी, मी आणि आसनगावचे भालेराव साहेब. भालेराव साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, दुधी भोपळ्याएवढी लेन्स घेऊन हिंडणारे गृहस्थ. कल्याणला गाडीत बसल्या बसल्याच त्यांनी मला बजावलं, "ताई, आमी बुद्धाला मानतो, नवस-बिवस मानत नाय. पन फोटो समोरून पायजे. पाठमोरा वाघ नको."

चार फेऱ्या होत्या. पहिली मी कोअरमधल्या तळ्याकाठची घेतली होती. भर उन्हाळा, भरलेलं तळं, आदल्याच दिवशी तिथे वाघीण दिसलेली होती, पण ते मला नंतर कळलं, नाहीतर मी ती फेरी घेतली नसती. आम्हाला मगर दिसली. बाबांनी मगरीला नमस्कार केला. दुसऱ्या फेरीला पिल्लांवाल्या वाघिणीचं गेट. धुळीत ताजे पंजे, झाडावर वानरांची ओरड, सगळी तयारी झालेली, फक्त नवरदेवाचा पत्ता नाही. आमचा गाइड शंकर चंद्रपूरकडचा तरणा माणूस. तो कपाळावर हात मारून म्हणाला, "असं होतच नाही जी मॅडम. पाणी हाय, पंजा हाय, कॉल हाय. वाघ जाते कुठी?"

मला झोंबलं. माझं गेट चुकत नाही. दामूबाबा तर एवढंएवढंसं तोंड करून बसले होते, आणि आजी मुक्कामाच्या खोलीच्या खिडकीतून चंद्रपूरची गुरं आपल्या गुरांपेक्षा किती हडकुळी आहेत ते सांगत होत्या. त्यांचा आवाज मला जरा जास्तच आनंदी वाटला.

तिसऱ्या फेरीला सगळा उलगडा झाला. प्रत्येक फेरीच्या आधी गेटवर परवाने तपासतात, मोबाइल जमा करून घेतात, त्यात थोडा वेळ जातो. तेवढ्यात दामूबाबा खाली उतरून झुडपाआड जाऊन येत. म्हातारं माणूस, मी वयाचा मान राखून तिकडे बघत नसे. त्या दिवशी भालेराव साहेबही त्याच कारणासाठी त्याच झुडपाकडे गेले आणि तसेच परत आले. चेहरा असा, की मला वाटलं यांना झुडपातच वाघ भेटला.

"ताई," ते हळूच म्हणाले, "म्हातारा लघवीला जात नाय. तिकडं दगड मांडलाय, त्यावर डहाळी ठेवून पूजा करतोय. आनि काय मागतोय ते ऐका जाऊन."

मी गेले. बाबा उकिडवे बसले होते, डोळे मिटून, हात जोडून, अगदी मनापासून म्हणत होते: "देवा वाघोबा, तुझी वाट तुला, आमची वाट आमाला. आमच्या नजरंला पडू नको, आमच्या गुरावासरांच्या वाटंला जाऊ नको, आमी आलो तसं सुखरूप घरी जाऊ दे."

तीन फेऱ्या! परवाना काढून, उन्हात भाजून, धूळ खाऊन आम्ही वाघाला शोधतोय आणि त्याचा पुजारी दर वेळी दारातच त्याला सांगतोय, की येऊ नको.

"बाबा, अहो हे काय?"

ते दचकले. मग मी काय विचारतेय तेच त्यांना कळेना. "रानात शिरताना बोलायचाच असतो गो बाय. माझा बाप बोलायचा, त्याचा बाप बोलायचा."

"पण तुम्हाला तो दिसायला हवाय ना?"

बाबांनी दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. खरंच, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. वाघ बघायला निघालेला माणूस एक आणि रानात शिरताना तोंड आपोआप हलणारा माणूस दुसरा, आणि दोघांची आजवर गाठच पडली नव्हती.

जिप्सीत परतून मी आजींना विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं?"

"होता की."

"मग सांगितलं का नाही?"

"मी कशाला सांगू?" आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "माझा तर पाह्यलेला हाय."

तिसरी फेरी अर्थातच कोरडी गेली. दुपारी भालेराव साहेबांनी खाटेवर बसून सभा बोलावली. म्हणाले, "माझा यावर काडीचा विश्वास नाय. गाऱ्हान्यानं वाघ येत नाय आनि जात नाय. पन बाबा, एकदा उलटं बोलून बघायला काय हरकत हाय?"

बाबा घाबरले. उलटं गाऱ्हाणं त्यांना येत नव्हतं. कोणालाच येत नव्हतं, कारण वाघाला या म्हणायची वेळ त्यांच्या घराण्यात कधी आलेलीच नव्हती. आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. "देव एकच ना? मी हितं बोलावला आन तो तिकडं आमच्या वाडीवर गेला तर? गुरं हायत, पोरं हायत. गावानं मला राखायला ठेवलाय, बोलवायला नाय."

ही शंका मला इतकी बरोबर वाटली, की मी हसलेच नाही. बुकिंग करताना पत्ता नीट दिला नाही, की गिऱ्हाईक भलत्याच गेटवर जाऊन उभं राहतं, हे मी आयुष्यभर भोगलं होतं. "बाबा," मी म्हटलं, "आपण पक्का पत्ता देऊ. जिल्हा, तालुका, गेट, फेरी. चुकामूक होणार नाही."

मग आम्ही चौघं बसलो. शेवटच्या फेरीसाठी मी बफरमधलं एक लहानसं गेट राखून ठेवलं होतं. तिथे फारसं कोणी जात नाही, पण आत बांबूचं बेट आहे, बेटापाशी एक कधी न आटणारं डबकं आहे, आणि माझा त्या डबक्यावर भारी जीव आहे. गाऱ्हाण्याचा मसुदा तयार झाला. भालेराव साहेबांनी सरकारी नोकरीतल्या सवयीनं त्यात "फक्त" हा शब्द चार ठिकाणी घातला. फक्त या गेटवर, फक्त आजच्या फेरीला, फक्त दर्शनापुरतं, आणि फक्त आमच्या जिप्सीपासून बेतानं अंतर राखून. शेवटी साहेब जरा घुटमळले आणि म्हणाले, "समोरून येईल असं पन टाका."

गेटवर बाबांनी दगड मांडला, डहाळी ठेवली आणि अडखळत, माझ्याकडे बघत बघत ते सगळं म्हटलं. गाइड शंकर टोपी काढून बाजूला उभा राहिला. आजींनी मात्र हात जोडले नाहीत. त्या आभाळाकडे बघत होत्या.

खरंच सांगते, गाऱ्हाण्यानं आला की डबक्यानं, ते मला ठाऊक नाही. मी माझं डबकंच म्हणणार, तो माझा धंदा आहे. बांबूच्या बेटाशी आलो आणि वानर खोकल्यासारखं ओरडलं. शंकरनं हात वर केला, ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बांबू हलला. आणि वाघ रस्त्यावर आला.

समोरून. अगदी साहेबांच्या मागणीप्रमाणे. मोठा नर, पाण्यातून उठलेला, पोट ओलं, सावकाश आमच्याकडे चालत येत होता. "बेतानं अंतर" तेवढं त्यानं नामंजूर केलं. इतका जवळून गेला, की त्याच्या मिशा मोजता आल्या असत्या. साहेबांचा कॅमेरा कडकडत होता. आजी सीटवर उभ्या राहून, डोळे वटारून, जणू भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तशा त्याच्याकडे बघत होत्या. आणि मी आनंदानं दामूबाबांकडे वळले.

बाबांचं कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर टेकलेलं. हात जोडलेले. डोळे गच्च मिटलेले.

"बाबा!" मी त्यांचा दंड धरून कुजबुजले. "डोळे उघडा! समोर आहे!"

त्यांनी नुसती मान हलवली. ओठ पुटपुटत होते. मी दंड हलवला, शंकरनं हळूच पाठीवर थाप मारली. मान काही वर येईना. वाघ जिप्सीच्या बाजूनं गेला, मागे गेला, गवतात शिरला, गवत हलायचं थांबलं.

"गेला का?" बाबांनी तसंच विचारलं.

मला रडू आलं, आणि मी रडणारी बाई नाही. पुन्हा मिळेल असं वाघाचं नसतं, हे बाबांना नसलं तरी मला माहीत होतं.

बाबा डोळे उघडून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मग जरा ओशाळून म्हणाले, "देव समोर आल्यावर मान वर कशी करनार गो? सवय नाय." थोड्या वेळानं म्हणाले, "वास मात्र आला. ओल्या गोनपाटासारखा."

आता आजी बोलणार, या धास्तीनं आम्ही सगळे अंग चोरून बसलो. "माझे दोन झाले" हे शब्द मला आधीच ऐकू यायला लागले होते. पण आजी बोलल्या नाहीत. गेटपर्यंत नाही, गाडीत नाही, कल्याणला उतरल्यावरही नाही. चंद्रपूरच्या गुरांना नावं ठेवणंसुद्धा त्यांनी बंद केलं. मला वाटलं, म्हातारी आजारी पडणार.

वाघबारशीला बाबांनी आग्रहानं बोलावलं म्हणून मी आणि भालेराव साहेब वाडीवर गेलो. साहेबांनी त्या फोटोची मोठी प्रत काढून पिशवीतून आणली होती. फोटो फारच सुंदर आला होता. मधोमध वाघ, एका कडेला आजींचा बाजूनं दिसणारा वटारलेला डोळा आणि दुसऱ्या कडेला दांड्यावर टेकलेलं बाबांचं पागोटं. दगडाभोवती अख्खी वाडी जमली होती. खीर रटरटत होती. कोणीतरी विचारलंच, "काय बाबा, झाला का दर्शन?"

बाबा खाली बघून नारळाची शेंडी सोलायला लागले. "झाला म्हंजे..."

"झाला की!" आजींचा आवाज चुलीकडून आला. "यांनीच पाह्यला. मी भ्याले, डोळंच मिटलं. मला काय दिसला नाय."

वाडी चकित. ठकूआजी भ्याली! भालेराव साहेबांनी पिशवीतून अर्धा बाहेर काढलेला फोटो परत आत सरकवला. गेल्या जन्मीचं-पुढल्या जन्मीचं काही न मानणारा, खऱ्याला खरं म्हणणारा माणूस. घसा खाकरून म्हणाला, "होय. मी साक्षीला होतो. बाबांनीच पाह्यला."

मग बाबांना वाघाचं वर्णन करणं भाग पडलं. ते आधी चाचरले, मग रंगले. जीभ बाहेर, शेपूट पाठीवर गोल वळलेलं, डोळे कवड्यांएवढे. हुबेहूब दगडावरचा वाघ. एका बाजूला चंद्र आणि दुसऱ्या बाजूला सूर्य एवढंच सांगायचं राहिलं. "केवढा होता, बाबा?" "आपल्या दगडाएवढा," बाबा म्हणाले, आणि पोरं वळून दगड मापायला लागली. आजी खीर ढवळत मान डोलावत होत्या.

मी त्यांना मदत करायला गेले तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाय, पुढल्या उन्हाल्यात परत न्यायचा यांना. त्याच डबक्यावर. आन हनुवटी वर धरायला एक धट्टाकट्टा मानूस ठेव मागल्या सीटवर. तुझं हात लई मऊ हायत."

पूजा झाली. बाबांनी नेहमीचंच गाऱ्हाणं घातलं, तुझी वाट तुला, आमची वाट आमाला. त्या उलट्या गाऱ्हाण्यातला एकही शब्द चुकूनसुद्धा आला नाही. नारळ फुटला. मग त्यांनी दुसरा नारळ घेतला आणि तोही फोडला. मी जवळच उभी होते. विचारलं, "दरवर्षी एकच असतो ना?"

"एक देवाचा," बाबा दगडाकडे बघत पुटपुटले. "दुसरा तिच्या खोट्याचा. देवाच्या पुढ्यात बोललीय, फेडायला नको का कुनी?"

ते डोळे पुसत होते की नारळाचं पाणी उडालं होतं, मी नीट बघितलं नाही. खोबरं वाटताना दुसऱ्या नारळाचा पहिला तुकडा त्यांनी आजींच्या हातावर ठेवला. आजींनी तो चावून बघितला आणि "जून निघाला" म्हणून नाक मुरडलं.